खोकला दसऱ्याला येतो, दमा मात्र बारा महिने असतो

पत्र: मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. आमचं गाव वाळवा तालुक्यात, घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. गेली तीन वर्षं नवरात्र बसलं की त्याला रात्रीचा खोकला सुरू होतो, तो संक्रांतीपर्यंत. पहाटे तीन-चारला ढास लागते, छातीत घरघर होते. गावातले डॉक्टर दोन सुया देतात, मशीनवर वाफ देतात, दोन दिवस बरं जातं. सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून दमा असल्याचं सांगितलं आणि दोन पंप दिले. एक निळा, एक रोज घ्यायचा. शिवाय रात्री चघळायची गोळी. सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागली की जन्मात सुटत नाही, बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल. म्हणून रोजचा पंप कपाटातच आहे, धाप लागली की निळा देते. केळं, दही, पेरू, सीताफळ बंद केलंय. नणंद म्हणते, पुण्यात रक्ताची मोठी टेस्ट करा, दीडशे गोष्टींची अ‍ॅलर्जी एकदम कळते. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देतात, तिथंही न्यायचं घरात चाललंय. नेमकं काय करू? — एक आई

ताई, तुम्ही विचारलंय टेस्ट करू का आणि कोजागिरीला नेऊ का. माझी नजर मात्र तुमच्या कपाटावर अडकली. तो रोजचा पंप आजच बाहेर काढा. मुदत संपलेली नाही ना ते बघा, सांगलीच्या डॉक्टरांना फोन करून मधे बंद ठेवला होता हे न लाजता सांगा आणि ते सांगतील त्या मात्रेत सुरू करा. बाकीचं उत्तर त्यानंतर सावकाश वाचलंत तरी चालेल.

दम्यात छातीतल्या बारीक नळ्यांमध्ये तीन गोष्टी होतात. नळीभोवतीचा स्नायू आवळतो, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट बडखा साठतो. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं. ते आवळलेला स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करतं, चार-पाच तासांनी त्याचा असर ओसरतो. सुजेला ते हातही लावत नाही. सुजेवर काम करतो तो रोजचा पंप. त्यात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं स्टिरॉइड असतं. त्याचा गुण दिसायला काही दिवस जातात, पुरता गुण यायला काही आठवडे. म्हणूनच घरच्यांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. घेतला तर लगेच काही जाणवत नाही आणि सोडला तर लगेच काही बिघडत नाही.

मुलगा वैशाखात विहिरीत उड्या मारत असतो, खोकल्याचं नाव नसतं, तेव्हाही ही सूज थोडीफार शिल्लक असतेच. सोललेल्या गुडघ्यावर साधं पाणी पडलं तरी झोंबतं, तसं सुजलेल्या नळीचं होतं. धूळ, धूर, थंडी, सर्दी, हसणं, पळणं, कशानेही ती आवळते. अशा वेळी 'अ‍ॅलर्जी नेमकी कशाची' हे शोधत बसलात तर यादी संपणार नाही, कारण रोज नवं काहीतरी सापडेल. आधी सूज उतरवायची. मग जे थोडे खरे वैरी उरतात ते ओळखायला सोपे जातात.

दम्याच्या उपचारांबाबत जगभर 'जीना' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं मानली जातात. २०१९ साली तिने स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. लहान मुलांतही सूज उतरवणारं औषध हाच उपचाराचा पाया आहे. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त निळे पंप संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. तुमच्याकडे वर्षाला किती संपतात ते मोजून पाहा. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर आहे. हवा वाईट आहे हे खरंच. पण घरोघर रोजचा पंप कपाटात आणि निळा खिशात, हेही त्यामागचं मोठं कारण आहे.

आता तुमच्या मोसमाकडे येऊ, कारण नवरात्र ते संक्रांत हा योगायोग नव्हे.

घटस्थापनेआधी आपल्याकडे घरोघर दसरा काढतात. माळ्यावरची भांडी खाली येतात, जळमटं झाडली जातात, पावसाळाभर ओल धरलेल्या भिंतींना ब्रश लागतो. घरभर उडते ती नुसती धूळ नसते. त्यात बुरशीचे कण असतात, झुरळांच्या अंगाचा भुगा असतो आणि धूळकिड्यांची विष्ठा असते. हे धूळकिडे मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे, आपल्याच अंगावरून गळणाऱ्या कातडीवर जगणारे. दमट हवेत ते फोफावतात, म्हणजे पावसाळा संपताना त्यांची चंगळ झालेली असते. तुमच्या मुलाचा खोकला नेमका नवरात्र बसताना सुरू होतो हे वाचल्यावर मला पहिला संशय या साफसफाईचाच आला. दसरा जरूर काढा. पण त्या दोन-तीन दिवसांत पोराला आजोळी किंवा शेजारी ठेवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा आणि जळमटं काढायचं काम त्याच्याकडे देऊ नका. नऊ वर्षांचा म्हणजे हौसेने काठी घेऊन उभा राहत असणार.

त्याच दिवसांत बाहेर गवत फुलोऱ्याला आलेलं असतं. गाजर गवत तर पावसापासून फुललेलंच असतं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं, अमेरिकेच्या गव्हातून आलं असं मानतात. आता ते नसलेला बांध दाखवा म्हटलं तर पंचाईत. काहींना त्याच्या परागांनी शिंका येतात, काहींच्या अंगाला नुसत्या स्पर्शाने खाज सुटते. मुलाने ते उपटायला जाऊ नये आणि मोठ्यांनीही उपटायचं तर फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून.

मग सोयाबीनची मळणी. मळणी यंत्राच्या तोंडाशी जो खकाणा उठतो त्यात भिजून वाळलेल्या काडावरची बुरशी असते. पोरं तिथंच खेळतात, भुसकटाच्या ढिगावर उड्या मारतात. त्या दिवशी शेतात न नेणं, एवढं एकच पथ्य इथं पुरतं. गोठ्यात कडब्याची कुट्टी चालू असेल तेव्हाही हेच.

त्यानंतर गळीत हंगाम लागतो. फड मोकळा झाला की पाचट पेटतं, आणि थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार, वरची त्या मानाने उबदार, त्यामुळे धूर वर न जाता गावावर बसून राहतो. सकाळी अंगणात काजळीचे काळे तुकडे पडलेले दिसतात. पण छातीत खोल जातात ते डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. पाचट कुट्टी करून सरीतच कुजवलं तर जमिनीचा कस वाढतो, ओल टिकते, हे कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतोय. सगळ्या गावाचं तुमच्या हातात नाही, पण निदान स्वतःच्या रानातलं पेटवू नका आणि शेजारच्या बांधावर पेटणार असेल तर आधी सांगायला सांगा. ज्या संध्याकाळी धूर दिसतो तेव्हा खिडक्या लावून घ्यायच्या, मुलाला बाहेर खेळायला सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, हवा हलली की खुशाल सोडा.

घरातला धूर मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतो आणि नेमका तोच कुणी मोजत नाही. तुमच्याकडे अंघोळीचं पाणी बंबात तापत असेल तर त्यात काय काय जातं ते एकदा बघा. चिपाड, पाचट, शेणकूट, पेटायला म्हणून एखादी प्लॅस्टिकची पिशवी. आणि मुलगा शाळेच्या गडबडीत सकाळी सहाला त्याच्याच शेजारी उघड्या अंगाने उभा. बंब घरापासून लांब न्या, नाहीतर त्याचं पाणी गॅसवर तापवा, प्लॅस्टिक तर अजिबात नको. दुसरं, मिश्री. तुमच्याकडे मिश्री लावतात की नाही हे पत्रात नाही, पण आपल्या भागात विचारावंच लागतं. तव्यावर तंबाखू भाजताना जो खाट उठतो त्याने धडधाकट माणूसही खोकत अंगणात येतो. दमेकरी मूल घरात असेल तर हे घरात नकोच. आजोबा किंवा वडील बिडी ओढत असतील तर 'मी बाहेर ओढतो' यानेही पुरतं भागत नाही, कपड्यांना आणि श्वासाला धूर येतोच. डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा. देवापुढे उदबत्तीऐवजी तेलाची निरांजन चालते, देव रागावत नाही.

थंडी पडली की ट्रंकेतल्या वाकळा, कांबळी निघतात आणि तीच रात्र ढासेची ठरते. दसऱ्याच्या धुण्यातच मुलाची वाकळ आणि उशीचा अभ्रा कढत पाण्यात धुऊन घ्या. पाणी साधारण ६० अंशांच्या आसपास तापलेलं हवं, तेव्हाच धूळकिडे मरतात. मग कडक उन्हात खडखडीत वाळवा. कांबळं त्याच्या अंगाला लागू देऊ नका. इतकं केलंत तरी एक लक्षात असू द्या, नुसत्या धुण्याने आणि गादीच्या महागड्या खोळीने दमा आटोक्यात आल्याचं मी पाहिलेलं नाही. औषधाला जोड म्हणून हे ठीक.

दिवाळीचं वेगळं सांगायला नको, पण एक गोष्ट आयांना खरी वाटत नाही म्हणून सांगते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांच्या धुराची मोजणी केली, तेव्हा सगळ्यात वाईट निघाली ती नागगोळी. आवाज नाही, भाजण्याची भीती नाही म्हणून आपण तीच लहान मुलांच्या हातात देतो आणि मूल वाकून तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत बसतं.

या सगळ्यांहून मोठं कारण राहिलंच, साधी सर्दी. मुलांत दम्याचे झटके सगळ्यात जास्त सर्दीच्या विषाणूंनी येतात. शाळेत एकाला झाली की वर्गभर फिरते, ती टाळता येत नाही. रोजचा पंप चालू असेल तर तीच सर्दी चार दिवस नाक गळून जाते, नसेल तर छातीत उतरते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी का हे डॉक्टरांना विचारा, मी माझ्याकडच्या दमेकरी मुलांना देते.

आता सासूबाई. त्यांची भीती खोटी नाही, फक्त पत्ता चुकलेला आहे. त्यांच्या आठवणीत पंप म्हणजे बाजेवर बसून धापा टाकणारा, आयुष्यभर बिडी ओढलेला म्हातारा. त्याचा आजार बहुतेक वेळा वेगळाच असतो. बिडीने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं कायमची खराब झालेली असतात आणि पंप शेवटी हातात येतो. त्यामुळे पंप लागला म्हणजे संपलं असं समीकरण डोक्यात बसलं. पंपात सवय लागण्यासारखं काही नाही. मूल पंप परत मागतं ते सूज परत आली म्हणून.

स्टिरॉइड हा शब्द ऐकून घाबरला असाल तर एक हिशोब करा. रोजच्या पंपातून नऊ वर्षांच्या मुलाला साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध दिलं जातं. दिवसाला २०० धरले तरी वर्षभरात ७३ मिलिग्रॅम होतात. झटका आल्यावर २५ किलोच्या मुलाला पोटातून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यायचं झालं तर किलोला एक मिलिग्रॅम या हिशेबाने पाच दिवसांत १२५ मिलिग्रॅम होतं. दोन औषधं वेगळी आहेत, वजनाची बरोबरी तंतोतंत लागू होत नाही. पण पोटातलं औषध सगळ्या अंगात फिरतं आणि पंपातलं मुख्यतः जिथं हवं तिथं छातीत उतरतं. गावातल्या त्या दोन सुयांपैकी एक बहुधा स्टिरॉइडचीच असते. मोठ्या झटक्यात ती लागते, जीव वाचवते, तिला नावं ठेवत नाही. पण दर थंडीत पुन्हा पुन्हा सुई घ्यायची आणि घरात मात्र स्टिरॉइड नको म्हणून पंप लपवायचा, याला काय म्हणायचं? उंचीचंही सांगून टाकते. वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी एखाद्या सेंटीमीटरने कमी भरते. आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, शिवाय झोप आणि शाळा खातो ते वेगळंच.

मोठा झाला की जाईल, हे अर्धं खरं. बऱ्याच मुलांचा दमा वयात येताना कमी होतो. ज्यांना अ‍ॅलर्जी जोरात असते, अंगावर इसब असतो, आई-वडिलांना दमा असतो, त्यांचा टिकण्याची शक्यता जास्त. कुणाचा जाईल ते आज सांगता येत नाही. जायचा तेव्हा जाईल, तोवर पोराने रात्री जागून काढाव्यात असं थोडंच आहे?

पंप देताना कसा देता हे तुम्ही लिहिलं नाहीत. थेट तोंडात धरून दाबत असाल तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशात बसतं. स्पेसर घ्या, म्हणजे पंपाला जोडायची ती प्लॅस्टिकची नळी. पंप चांगला हलवा, टोपण काढा (हसू नका, टोपणासकट दाबणारे असतात), स्पेसरला जोडा, मुलाला श्वास सोडायला सांगा, मग ओठ घट्ट मिटून एकदाच दाबा. त्याने सावकाश, खोल श्वास घ्यायचा आणि दहापर्यंत मोजेस्तोवर रोखायचा. तेवढं जमत नसेल तर स्पेसर तोंडातच ठेवून पाच-सहा संथ श्वास घ्यायचे. दुसरा पफ असेल तर पंप पुन्हा हलवून, पुन्हा पहिल्यापासून. दोन पफ एकदम दाबले तर ते एकमेकांत आणि नळीच्या भिंतीवर वाया जातात. शेवटी चूळ भरून पाणी थुंकायचं, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी धरत नाही. ब्रश करायच्या आधी पंप ठेवला की चूळ आपोआप होते आणि पंप विसरतही नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्याने आतून पुसलात तर प्लॅस्टिकला विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. पंपात किती मात्रा आहेत ते डब्यावर लिहिलेलं असतं. मागे आकडा दिसत नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावर लिहा. तो पाण्यात तरंगतो का बघण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसत राहतो आणि आपल्याला वाटतं पंप चालू आहे.

आणि वाफ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, त्यांची गल्लत करू नका. डॉक्टरांच्या मशीनमधून औषध जातं. पातेल्यातल्या गरम पाण्याच्या वाफेने नळ्या उघडत नाहीत आणि भाजलेली मुलं मात्र दर थंडीत येतात.

केळं, दही, पेरू, सीताफळ परत सुरू करा. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर ती अ‍ॅलर्जी आणि तो पदार्थ बंद. 'कफ होतो' म्हणून सगळी फळं तोडायची गरज नाही, वाढत्या अंगाचं पोर आहे. एक गोष्ट मात्र तुमच्या जिल्ह्यातली म्हणून सांगते. बेदाणा पिवळा दिसावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तो वायू दमेकऱ्याच्या छातीला फार झोंबतो. तासगाव-कवठेमहांकाळकडे पाहुणे असतील तर शेडमध्ये धुरी चालू असताना मुलाला नेऊ नका.

दीडशे गोष्टींच्या टेस्टवर पैसे घालवू नका. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध घटक सापडणं आणि त्या पदार्थाने त्रास होणं यात अंतर आहे. त्या कागदावर तांबडे ठिपके येतात, घरात आणखी पंचवीस पदार्थ बंद होतात आणि खोकला चालूच राहतो. रोजचा पंप तीन महिने नीट घेऊनही त्रास राहिला, तर मोजक्या गोष्टींची त्वचेवरची चाचणी करता येते, धूळकिडे, बुरशी, झुरळ, गवताचे पराग एवढ्यांची. तिच्याआधी शिंकांच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती ते डॉक्टर सांगतील. त्याहून आधी फुंकायची चाचणी, स्पायरोमेट्री, झाली नसेल तर ती करून घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला ती व्यवस्थित जमते.

कोजागिरीची खीर खाऊ द्या, चांदणं बघू द्या. खिरीतली पूड मात्र नको. त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. दम्याच्या अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये कुटलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या सापडलेल्या आहेत. गुण येतो तो त्यांचा, आणि तोही किती मात्रेचा याचा पत्ता नाही. काही ठिकाणी हे औषध घ्यायचं तर बाकीची औषधं बंद करा असं सांगतात. ऐन मोसमात पंप बंद करणं, यापेक्षा धोक्याचं दुसरं काही मला सुचत नाही.

रात्री चघळायची गोळी बहुधा मॉन्टेलुकास्टची असणार, पाकिटावर बघा. बऱ्याच मुलांना ती चालते. काहींना मात्र वाईट स्वप्नं पडतात, मूल चिडचिडं किंवा उदास होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. असं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. पंपाच्या जागी गोळी, असा बदल तुमच्या मनाने करू नका.

मुलगा तळहाताने नाक वर चोळतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, सकाळी ओळीने शिंका येतात का? तसं असेल तर नाकातही हाच प्रकार चालू आहे आणि नाक बरं केल्याशिवाय छाती पुरती सुधारत नाही. नाकाचा फवारा वेगळा मिळतो. मारताना तो मधल्या पडद्याकडे न मारता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रोखाने मारायचा.

शाळेत खेळ बंद करू नका. कबड्डी, खो-खो, पळणं, सगळं चालतं. आधी दहा मिनिटं अंग गरम करू दे. धावल्यावरच त्रास होत असेल तर खेळाआधी निळा पंप द्यायचा का ते डॉक्टर ठरवतील. एक निळा पंप आणि स्पेसर दप्तरात असू दे आणि बाईंना तो कसा द्यायचा ते एकदा दाखवून या.

आता वाट न बघण्याची लक्षणं. एका दमात वाक्य पुरं करता येत नाही, श्वासागणिक बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, मूल मलूल पडतं, किंवा निळा पंप देऊनही चार तास निघत नाहीत. घरघर एकदम थांबली आणि धाप तशीच असेल तर बरं वाटतंय असं समजू नका, हवाच आत जात नाहीये. सरळ बसवा, निळा पंप स्पेसरमधून एका वेळी एक पफ असे चार ते सहा पफ द्या, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. वाटेत वीस मिनिटांनी तेवढेच पुन्हा देता येतात. स्पेसर हाताशी नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या कोरड्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडा, बाटलीच्या तोंडाने मुलाने श्वास घ्यायचा. ही कामचलाऊ युक्ती तपासून पाहिलेली आहे, अडीनडीला चालते.

सांगलीला जाताना सासूबाईंना बरोबर न्या. दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर मुलाला पंप घेऊन दाखवायला सांगा, चूक तिथंच सापडते. झटका आला तर काय करायचं ते त्यांच्याकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रीजवर चिकटवा. घरी कॅलेंडरवर चारच गोष्टी टिपा: दिवसा त्रास झाला का, रात्री उठला का, निळा पंप लागला का, खेळ सोडून बसला का. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त निळा लागला किंवा एकदाही खोकल्याने रात्री उठला, तर दमा आटोक्यात नाही असं समजायचं आणि पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

तीन महिने सगळं नीट गेलं की डॉक्टर मात्रा कमी करायचा विचार करतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत तो विषय संक्रांत उलटून गेल्यावर, मार्च-एप्रिलात काढा. आणि मात्रा उतरवली असली तरी ऑगस्टअखेर, दसरा काढायला घेण्याआधी, त्याला एकदा दाखवून आणा.